उंटावरून उतरल्यावर

शहरात राहणाऱ्या बहुतेक माणसांच्या मनात एक गाव असते. ते कोणत्याही तालुक्याच्या नकाशात सापडायचे नाही. तेथे विहीर असते, पण पोहरा ओढून हाताला घट्टे पडत नाहीत. पाऊस असतो, पण चिखल नसतो. शेजारी असतात, पण ते ताकाचा तांब्या ओट्यावर ठेवण्यापुरतेच येतात. लोकल बंद पडली, किंवा वरिष्ठ चारचौघांत टाकून बोलले, की माणूस क्षणभर या गावी जाऊन येतो आणि पुन्हा कामाला लागतो. पूर्वी या गावात गाय असे. अलीकडे तिची जागा शेळीने घेतलेली दिसते. गेल्या पाचसात वर्षांत माझ्या परिचयाच्या घरांतील तिघांनी, आणि त्यांत एक मुलगीही आहे, मला येऊन सांगितले, "काका, नोकरी सोडायची ठरवली आहे. शेळ्या पाळायच्या आणि चीज करायचे."

नुसते दूध विकायचे, असे तिघांपैकी एकानेही म्हटले नाही. दूध विकणे हा धंदा झाला. चीज करणे ही साधना आहे, असा काहीसा त्या बोलण्याचा सूर होता.

असे कुणी बोलले की घरात दोन तट पडतात. एक आईवडिलांचा. "एवढे शिकवले ते शेळ्या राखण्यासाठी?" हा त्यांचा सवाल. (शेळ्या राखणे हे आपल्याकडे अजूनही नापास झालेल्या मुलाला ऐकवायचे शब्द आहेत.) दुसरा तट मित्रमंडळींचा. ते म्हणतात, धन्य आहे तुझी, तू सुटलास! आणि सोमवारी सकाळी ते स्वतः मुकाट्याने कचेरीत जातात. पहिल्या तटाला यात पळपुटेपणा दिसतो, दुसऱ्याला पुण्य. मला या दोन्ही तटांत बसायचे नाही. शहर सोडून शेळ्या पाळणारा माणूस आपल्यापेक्षा अधिक चांगले जीवन जगतो काय, आणि जगत असेल तर ते चांगलेपण नेमके कशात आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

'उंटावरून शेळ्या हाकणे' हा वाक्प्रचार आपण आळशी सल्लागारांसाठी वापरतो. पण विचार केला तर शहर म्हणजेच एक भला मोठा उंट आहे. त्याच्यावर बसले की लांबचे दिसते, वारा लागतो, आणि पायाखाली काय चालले आहे ते अजिबात दिसत नाही. दूध पिशवीतून येते, मटण काळ्या पिशवीतून येते, आणि दोन्ही पिशव्या शेवटी एकाच कचऱ्याच्या डब्यात जातात. हा तरुण म्हणतो, मी उंटावरून उतरतो. उत्तम. उतरल्यावर त्याला काय दिसते?

हा प्रयोग नवा नाही. त्याची सर्वांत मोठी आवृत्ती फ्रान्समध्ये निघाली. मे १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर आले, संप झाले, सरकार डळमळले. आणि मग सारे पुन्हा जागच्या जागी बसले. ज्यांना बसवले नाही अशा काही हजार तरुणांनी पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेकडचे डोंगर गाठले: आर्देश, आरिएज आणि सेव्हेन. सेव्हेनचे डोंगर म्हणजे दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांची जमीन. एके काळी तेथे चेस्टनटच्या झाडांवर माणसे पोसली जात आणि तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे. झाडांना रोग लागला, रेशीम बुडाले, माणसे खाली शहरांत गेली; घरे ओस पडली म्हणून स्वस्त झाली. तेथे हे पदवीधर आले आणि बहुतेकांनी शेळ्या घेतल्या. कारण सरळ होते. गायीला कुरण लागते, शेळीला खडकावरचा पाला चालतो. ती पाच महिन्यांत विते, तिची किंमत बेताची असते, आणि तिच्या दुधाचे चीज आठवड्याच्या बाजारात रोख पैशाला विकता येते. शेळी ही गरिबाची गाय, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. सॉरबॉनमध्ये शिकलेल्यांना ते नव्याने कळले इतकेच.

यांतले पुष्कळ लोक दोनतीन हिवाळ्यांत परत गेले. जे टिकले त्यांच्याविषयी दानिएल एर्व्ह्यू-लेजे आणि बेर्त्रां एर्व्ह्यू या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने १९७९ साली 'निसर्गाकडे परत' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्याच्या उपशीर्षकाचा आशय मोठा मार्मिक आहे: रानाच्या पार आत गेलो, तर तेथे शासन भेटले! कारण राहायचे तर जमिनीचा कागद हवा, शेतकरी म्हणून नोंद हवी, अनुदान हवे, आणि अनुदानासाठी अर्ज हवा. ज्याने आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याचे उंबरठे झिजवले आहेत त्याला याचे मुळीच नवल वाटणार नाही.

अशा माणसांना हसणे फार सोपे आहे. मारी आंत्वानेत या राणीने १७८३ पासून व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत एक खोटे खेडे उभारून घेतले होते. गवताने शाकारलेली घरे, तळे, दुग्धालय, गायी, शेळ्या, सगळे होते. भिंतींना मुद्दाम तडे रंगवले होते म्हणतात. सहा वर्षांनी खऱ्या खेड्यांतली खरी भूक तिच्या दारात आली. शहरातून गेलेल्या प्रत्येक शेळीवाल्याच्या मागे त्या राणीची सावली असते, कारण त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. शेजारच्या शेतकऱ्याच्या खिशात ते नसते.

तरीही मी हसत नाही. त्याला एक कारण आहे.

माझी मुलगी संशोधनासाठी मोंपेलिए येथे राहत असताना, २०१६ च्या मार्चच्या आरंभी, मी सेव्हेनमधल्या अशा एका कुटुंबात पाचसहा दिवस राहिलो. नवराबायको दोघेही पन्नाशीच्या आतबाहेरचे. तो ल्योंमध्ये एका विमा कचेरीत होता, ती शाळेत शिकवीत असे. सगळे सोडून त्यांना तेथे येऊन अकरा वर्षे झाली होती. साठ शेळ्या होत्या, बहुतेक तांबूस आल्पीन जातीच्या. काटक, कान ताठ, आणि नजर अशी की आपण त्यांच्याकडे नोकरी मागायला आलो आहोत. आपल्या उस्मानाबादीच्या लोंबत्या कानांची आणि गरीब चेहऱ्याची मला फार आठवण झाली.

त्यांचे चीज करणे पाहून मी थक्क झालो, ते ते वेगळे आहे म्हणून नव्हे, तर ते ओळखीचे वाटले म्हणून. त्या भागातल्या चीजचे नाव पेलार्दों. २००० सालापासून त्याला कायद्याने भौगोलिक नाव राखून दिलेले आहे. सकाळची धार निघाली की कोमट दुधात आदल्या दिवशीची निवळी घालायची, म्हणजे आपले विरजणच. वर रेनेटचे काही थेंब टाकायचे आणि जवळजवळ एक दिवस ते तसेच ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दही लागावे तसे ते लागते. मग पळीने उचलून भोकाभोकांच्या लहान वाट्यांत भरायचे. पाणी गळते, वड्या उलटायच्या, मीठ लावायचे, जाळीवर सुकवायच्या. रेनेट घातल्यापासून अकरा दिवस तरी झाल्याशिवाय तिला पेलार्दों म्हणता येत नाही. तोवर ती साठएक ग्रॅमची होते आणि तिच्यावर साय धरल्यासारखी पातळ साल येते. पहिल्या दिवसापुरते पाहिले तर हा आपला चक्का. आपण त्यात साखर आणि वेलची घालून दसरा साजरा केला. त्यांनी मीठ लावून धीर धरला.

मी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक बंद गाडी आली.

थंड देशांतल्या शेळ्या साधारणपणे शरद ऋतूत फळतात आणि हिवाळ्याच्या शेवटी वितात. त्या महिन्यात गोठ्यात शंभराच्या आसपास करडे झाली होती. त्यांतली निम्मी अर्थातच नर. कळप चालू ठेवण्यासाठी पंधराएक पाठी ठेवायच्या, बाकीचे काय? आठवड्याभराची झाली की ती गाडीतून वाढवणाऱ्याकडे जातात आणि महिन्याभराची झाली की ईस्टरच्या सुमारास ताटात येतात. ती बाई एकेका करडाला उचलून गाडीवाल्याच्या हातात देत होती. नवरा आत भांडी घासत होता. नंतर कळले की हे काम दोघे आळीपाळीने करतात. एक वर्ष तिने, एक वर्ष त्याने. गाडी गेल्यावर ती हात धुऊन आली आणि आम्हां बापलेकींना कॉफी देताना म्हणाली (माझ्या मुलीने ते मला मराठीत सांगितले), "शहरात असताना मी हे चीज रोज खात होते. या शेळ्यांना भाऊ असतात, हे माझ्या कधी मनातच आले नव्हते."

तिच्या त्या वाक्याने मला आपली वसुबारस आठवली. दिवाळीचा पहिला दिवा आपण गायीपुढे लावतो, पण एकट्या गायीपुढे नव्हे. सवत्स धेनू हवी, वासरू शेजारी हवे. आणि कितीतरी घरांत त्या दिवशी बायका दूधदुभत्याला शिवत नाहीत. लहानपणी मला ते नुसते एक व्रत वाटे. आज वाटते, ज्या कुणी ही चाल पाडली तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: दूध वासराचे असते. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस आपण ते घेतो; एक दिवस तरी हात आखडून ते कुणाचे आहे याची आठवण ठेवायची. शेळीच्या करडाच्या वाट्याला मात्र कोणतीच बारस आली नाही. त्याच्या वाट्याला आली ती म्हण: शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

शाकाहारी वाचक येथे म्हणतील, आम्ही तर मटण खात नाही, फक्त दूध घेतो. त्यांना मी रेनेटची बाटली दाखवीन. परंपरेने हे द्रव्य काढतात ते दूध पिणाऱ्या वासराच्या किंवा करडाच्या चौथ्या जठरातून. दूध गोठवण्याची शक्ती त्या जठरातल्या पाचकरसात असते. आता याला पर्याय पुष्कळ आहेत. बुरशीपासून काढलेले रेनेट मिळते, आणि पोर्तुगालमध्ये तर एका काटेरी रोपाच्या जांभळ्या फुलांनी मेंढीचे दूध गोठवतात. म्हणजे रेनेटचा प्रश्न बाटली बदलून सुटतो. करडांचा सुटत नाही. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही, आणि निम्मी करडे नर होणार, हे कोणत्याही आश्रमाला किंवा सहकारी संस्थेला चुकलेले नाही.

शेळीचे दूध ज्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले त्या गांधीजींना हे जाणवत होते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. गायीम्हशींकडून जास्त दूध काढण्यासाठी कलकत्त्याचे गवळी जे क्रूर उपाय करीत त्यांचे वर्णन त्यांनी वाचले होते. पुढे १९१८ च्या आजारपणाने ते खंगले, आणि १९१९ च्या आरंभी मुंबईत शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत गायीम्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? त्यांनी ते घेतले. पण आत्मचरित्रात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे की व्रताची अक्षरे पाळली गेली, त्याचा आत्मा मारला गेला. जगभर ज्या शेळीच्या दुधाचे चित्र साधेपणाचे आणि निष्पापपणाचे म्हणून गेले, ते पिणाऱ्याच्या लेखी आयुष्यभराचे शल्य होते. निष्पापपणाची पावती त्या माणसाने स्वतःला दिली नाही.

१९३७ साली वर्ध्यात त्यांच्याजवळ येऊन राहिलेला एक इटालियन तरुण होता, लांझा देल व्हास्तो. गांधीजींनी त्याला 'शांतिदास' हे नाव दिले. परत जाऊन त्याने १९४८ साली फ्रान्समध्ये आपला एक आश्रम काढला, आणि १९६३ पासून तो लार्झाक पठाराजवळच्या डोंगरात स्थिरावला. सूत कातणे, हाताने शेती, शाकाहार, प्रार्थना. लार्झाकवर सैन्याची छावणी वाढवण्यासाठी सरकार मेंढपाळांच्या जमिनी घेऊ लागले, तेव्हा १९७२ साली याच शांतिदासाने तेथे पंधरा दिवस उपवास केला. एकशेतीन शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली आणि १९८१ साली सरकारने बेत सोडून दिला. वर्धा आणि लार्झाक यांच्यामधला हा धागा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका आक्षेपाला उत्तर देतो. शहर सोडणारा समाज सोडतो, असे आपण गृहीत धरतो. पण हा माणूस रानात गेला म्हणूनच मेंढपाळांच्या शेजारी उपाशी बसायला जागेवर सापडला.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. शेळ्या पाळल्याने माणूस निर्दोष होत नाही. उलट शहरात सुरी पन्नास कोसांवर होती, ती येथे हातात येते. पण शहरातला माणूसही निर्दोष नव्हता. त्याच्या नावावरचा खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहिला जात होता, इतकेच. उंटावरून उतरणाऱ्याला मिळते ती आपल्या जगण्याच्या हिशेबाची वही. ती वाचवत नाही म्हणून कितीजण परत जातात! थंडी, एकटेपणा, तोटा ही कारणे खरीच आहेत. पण मला शंका आहे की पुष्कळांना ती बंद गाडीच परत घेऊन जाते.

यावर एक आक्षेप मात्र मी स्वतःलाच घेतो. माझ्या आजोळी, माण तालुक्यात, वस्तीच्या कडेला एक म्हातारी राहत असे. चार शेळ्या हाच तिचा सगळा संसार. ज्या साली पाऊस नसे त्या साली ती एक बोकड विकी, आणि त्या दिवशी तिच्या चुलीवर भाकरी होत नसे. आम्ही पोरे विचारू, "आज्जे, का ग जेवली नाहीस?" ती म्हणे, "भूक न्हाई लेकरा." घरच्या बोकडाचे मटण गावात शिजले तरी तिने ते कधी तोंडात घातले नाही. सेव्हेनमधल्या बाईला अकरा वर्षांत जे कळले ते हिला जन्मापासून कळत होते. पण हिच्या जगण्याला कुणी साधना म्हटले नाही, हिच्यावर समाजशास्त्राचे पुस्तक झाले नाही, आणि हिची नातवंडे आज शहरात, त्या उंटावर चढायच्या रांगेत उभी आहेत. त्यांना नावे ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. हिशेबाची वही ज्याला जन्मतःच हातात मिळाली त्याला ती खाली ठेवावीशी वाटणे साहजिक आहे. आणि ज्याने ती कधी पाहिलीच नाही त्याला ती उचलावीशी वाटणे, हेही.

म्हणून त्या तिघांना मी एकच सांगितले: राजीनामा नंतर द्या, आधी एखाद्या शेळीवाल्याच्या घरी, त्याच्या शेळ्या वितात त्या दिवसांपासून करडे बाजारात जातात त्या दिवसापर्यंत राहून या. चीज शिकायला महिना पुरतो. एकजण हसला. दुसऱ्याने तसाच राजीनामा दिला आणि दीड वर्षात शेड विकली. मुलगी मात्र खरोखर गेली, आटपाडीच्या बाजूला एका कुटुंबात चार महिने राहिली. परत आल्यावर तिने मला चीजविषयी एक अक्षर सांगितले नाही. करडाला सर्दी झाली तर नाकाला काय लावतात ते सांगितले. तिची नोकरी अजून चालू आहे. शनिवार-रविवारी ती कोठे जाते ते मी विचारत नाही.

सेव्हेनच्या त्या दोघांनी अलीकडे एक वेगळी वाट धरली आहे, असे मुलीच्या पत्रावरून समजले. शेळीला दरवर्षी विऊ दिलेच पाहिजे असे नाही. नीट सांभाळली तर एका वेताचे दूध ती दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ देत राहते. दूध थोडे कमी मिळते. शिवाय पूर्वी डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शेळ्या एकदम आटत, तेव्हा या दोघांना वर्षातली एकुलती एक सुट्टी मिळे, त्याच महिन्यांत ती दोघे समुद्रावर जात. आता बारा महिने, दोन्ही वेळा धार काढावी लागते. साठांपैकी वीसच शेळ्या ते आता एका वर्षी फळवतात. यंदा चौतीस करडे झाली. त्यांत एकोणीस नर होते. गाडी या वर्षीही आली, आणि या वर्षी पाळी त्याची होती.